रानातला रस्सा पंचवीस माणसांना कितीला पडतो?

एप्रिल लागला, ऊसतोड संपली, गुऱ्हाळांची धुराडी गार झाली, की पेठ वडगाव आणि आसपासच्या गावांत मोबाइलवर एकच विषय फिरू लागतो : रानात जेवण कधी? कुणाची तरी विहीर, तिच्या कडेचा आंबा, सुट्टीला आलेली पुण्या-मुंबईची माणसं आणि दोन चुली. बेत ठरायला पाच मिनिटं लागतात. मग कुणीतरी विचारतं, "मटण किती किलो आणायचं?" आणि हिशेब तिथंच वाकडा व्हायला लागतो. मटणाचा आकडा आधी तोंडातून गेला, की भाकरी, पाणी, लाकूड, भांडी सगळं त्याच्यामागं अंदाजानं ओढलं जातं आणि कॉन्ट्री माणशी अडीचशे ठरलेली ती चारशेवर जाते.

आधी माणसं मोजा. आणि नुसती डोकी मोजून भागत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या या पट्ट्यात, वडगावपासून कुंभोज-बाहुबलीपर्यंत, जैन शेतकऱ्यांची घरं गावोगाव आहेत. पंगतीत माळकरी असतात. संकष्टी, एकादशी, गुरुवार, शनिवार पाळणारे असतात. रविवार म्हणजे मटणाचा दिवस असं आपण गृहीत धरतो, पण जोतिबाचं दैवत असलेल्या काही घरांत रविवारीच वशाट चालत नाही. तेव्हा पंचवीस जणांचा बेत असेल तर पाच जण न खाणारे धरून चालावं आणि त्यांची चूल, पातेलं, पळी वेगळी ठेवावी. त्यात कुणी सूर्यास्तानंतर न जेवणारं असेल तर संध्याकाळचा बेत सोडून दुपारचाच धरा. कांदा-लसूण न खाणारा एखादा पाहुणा असला तर त्याचं पिठलं आधी काढून ठेवायला पाच मिनिटं पुरतात. पण ते आदल्या दिवशी माहीत असावं लागतं, पान वाढताना नव्हे.

या लेखातला हिशेब असा धरला आहे : पंचवीस माणसं, वीस खाणारी, पाच न खाणारी, दुपारचं जेवण, रान ओळखीतलं. दर गोल धरले आहेत, म्हणजे तुमच्या दिवशीचा दर घातला की आकडा लगेच बदलून घेता येईल. प्रमाणं मात्र तीच ठेवा, कारण पैसे वाचतात ते प्रमाणात.

वार कुठला?

वडगावचा आठवडी बाजार सोमवारी. भाजी सगळ्यात ताजी आणि सगळ्यात स्वस्त त्या दिवशी. पण सोमवारी मटण बऱ्याच घरांत चालत नाही, आणि मटणाचे खरे वार रविवार, बुधवार, शुक्रवार. त्यामुळं रविवारच्या जेवणाला भाजी शनिवारी दुकानातून, चढ्या दरानं घेतली जाते. सुट्टीचे दिवस असतील, पोरं घरात असतील, तर बुधवार धरा. सोमवारी बाजार करा. वांगी, कांदा, लसूण, काकडी, लिंबू दोन दिवसांत काही बिघडत नाहीत. बिघडते ती कोथिंबीर. ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा किंवा बुधवारी सकाळी घ्या. बुधवारी मटणाच्या दुकानात रविवारची झुंबड नसते, म्हणून हवा तो तुकडा मागता येतो आणि दुकानदाराला उत्तर द्यायला सवड असते.

चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे जोतिबाची यात्रा असते. त्या दोन-तीन दिवसांत हायवे आणि टोप-वाठारकडचे रस्ते गुलाल आणि गाड्यांनी भरलेले असतात, तेव्हा बाहेरून माणसं बोलवू नका. इस्लामपूर-कराडकडून हायवेनं येणाऱ्या गाड्यांना किणीचा टोल आहे, तो त्यांच्या कॉन्ट्रीतून वजा करायचा की नाही हे आधीच बोलून घ्या. कोल्हापूरहून वाठारपर्यंत येणाऱ्यांना तो लागत नाही.

बाजारात एक सवय ठेवा : ढीग की किलो, हे विचारूनच हात लावा. ढीग दिसायला मोठा असतो, पण तळाला काय आहे ते घरी गेल्यावर कळतं. "मावशी, वांगी कशी?" "साठनं हाईत, पन्नासनं घ्या." पाच किलो घेणार असाल तर ते आधी सांगा. घासाघीस एक-एक किलोवर करून काही हाती लागत नाही. भरताचं वांगं आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे. जड लागलं तर आत बिया. देठ हिरवा हवा. कृष्णाकाठची मोठी वांगी मिळाली तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही, गर भरपूर निघतो. लिंबू मात्र उन्हाळ्यात रडवतं. इतर दिवसांत दोन-तीन रुपयांना मिळणारं लिंबू एप्रिलमध्ये सहा-सात रुपयांवर जातं, म्हणून वीस लिंबं मोजून घ्या आणि सरबताचा बेत ताकावर न्या.

मटण कमी, रस्सा भरपूर

कोल्हापूरच्या रश्शाचं अर्थकारण साधं आहे. मटणाचा तुकडा हा पानातला मानकरी असला तरी पोट भरतं ते रश्शावर, भाकरीवर आणि भातावर. मटण आलं, लसूण, हळद, मीठ घालून शिजवायचं, त्याचं अळणी काढायचं, आणि त्याच पाण्यात एकीकडं नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू घालून पांढरा, दुसरीकडं भाजलेलं खोबरं, कांदा आणि चटणी घालून तांबडा. एकाच मटणातून अळणी, पांढरा, तांबडा आणि सुकं अशी चार वाढणी निघतात. पेठांतली रस्सा मंडळं पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबावर जेवली.

म्हणून माणशी पाव किलो मटण धरायची गरज नाही. वीस खाणाऱ्यांना चार किलो, म्हणजे माणशी दोनशे ग्रॅम, पुष्कळ झालं. पाच किलो आणलं तर शेवटी भगुल्यात उरतं ते सुकं, आणि उन्हात त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. चार किलोतला अर्धा किलो नळ्या आणि मानेकडचा भाग मागून घ्या. रश्शाला अंग येतं ते हाडातून. नुसत्या फऱ्याच्या मऊ तुकड्यांचा रस्सा पातळ लागतो आणि मग तो दाट करायला काजू ओतावे लागतात, म्हणजे पुन्हा खर्च.

दर किलोला ७५० धरला तर मटणाचे ३,००० होतात. कोल्हापूरकर या एका दराबाबत किती हळवे आहेत ते २०१९ च्या अखेरीस सगळ्या राज्यानं पाहिलं. दर सहाशेच्या घरात गेल्यावर शहरातल्या पेठा आणि तालमी उठल्या, कृती समिती झाली, खरेदीवर बहिष्कार पडला. आंदोलन करायची तयारी असते, पण काट्यासमोर उभं राहून दोन प्रश्न विचारायला आपण लाजतो, ही गंमत आहे. काटा शून्यावर आहे का ते बघा. तो वैधमापन विभागाच्या शिक्क्याचा हवा. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, काळीज त्यातच धरलं आहे की वेगळं, हे तोडायच्या आधी विचारा. पाच किलोच्या आसपासची मागणी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवली तर सकाळी सहा-सातला ताजं मटण मिळतं, आणि रांगेत उभं राहून शेवटचा उरलेला भाग पदरात पडत नाही.

मटण घेतल्यापासून चुलीवर चढेपर्यंत दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा सदतीस-अडतीसला जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून वर. मटण हळद-मीठ लावून झाकणाच्या डब्यात, डबा बर्फाच्या खोक्यात. बर्फाला पन्नासभर रुपये जातात, ते वाचवू नका.

रश्शाच्या मसाल्याचा खर्च लोक विसरतात आणि तिथंच हिशेब फुगतो. चार नारळ १८० रुपये. खोबरं, तीळ, खसखस, काजू आणि खडा मसाला मिळून ५००. यात खसखस सगळ्यात महाग, पण शंभर ग्रॅमच्या वर लागत नाही. काजू अख्खे न घेता तुकडा घ्या, वाटायचाच आहे. मार्च-एप्रिलमध्ये आजरा-चंदगडचे ओले काजूगर बाजारात दिसतात. ते पांढऱ्या रश्शात वाटून घालणं म्हणजे उधळपट्टी. त्यांची वेगळी उसळ करा आणि ती न खाणाऱ्या पाच जणांच्या पानात वाढा, बाकीचे वीस जण त्यांच्याकडं बघत बसतील. आलं-लसूण-कोथिंबीर २००.

आणि चटणी. बाहेरच्यांसाठी सांगतो : आपल्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळा हा चटणी कुटायचाच हंगाम, डंकावर नंबर लागलेले असतात. घरची असेल तर ती वापरा, नसेल तर डंकावरून अर्धा किलो घ्या, साधारण २५० रुपये. रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी असं मिश्रण चांगलं, पण गडहिंग्लजकडची अस्सल जवारी संकेश्वरी मिरची किलोला हजाराच्या वर जाते. त्यामुळं 'पूर्ण संकेश्वरी' म्हणून स्वस्तात कुणी चटणी विकत असेल तर ती नक्की कशाची आहे ते विचारा. फार लाल, हाताला रंग सोडणारी चटणी घेऊ नका. हा सगळा मसाला मिळून १,१३० झाले. त्यात कांदा चार किलो, तेल एक लिटर आणि अडीच किलो तांदूळ यांचे ४२० मिळवा. आजरा घनसाळचा भात रश्शाबरोबर वाटतो तसा खुलत नाही. त्याचा वास रश्शाखाली दबतो. साधा तांदूळ घ्या, घनसाळ घरी तूप-मेतकुटाबरोबर खा.

एक उपयोगाची गोष्ट : आयत्या वेळी तीन-चार माणसं वाढली तर तांबडा वाढवा, पांढऱ्याला हात लावू नका. तांबड्यात उकळतं पाणी, थोडी चटणी आणि मीठ पडलं की तो सावरतो. पांढऱ्यात पाणी घालून जाळ वाढवला की नारळाचं दूध फुटतं आणि अख्खं पातेलं जातं. गार पाणी दोन्हीत नको, त्यासाठी चुलीच्या कडेला एक हंडा कायम तापत ठेवा.

भाकरीचे पैसे द्या

रानातल्या जेवणात मटण पुरुष करतात, आणि त्याचं कौतुक संध्याकाळपर्यंत चालतं. भाकऱ्या बायका करतात. पंचवीस माणसांना साठ भाकऱ्या लागतात. सहा किलो ज्वारीचं पीठ, तीनशे रुपयांचं. म्हणून हिशेबाच्या वहीत 'भाकरी ३००' असं लिहिलं जातं आणि दोन बायका भर उन्हात तव्यासमोर दोन-अडीच तास बसतात. हा खर्च शून्य नाही, तो फक्त वहीत येत नाही.

वडगावात आणि कोल्हापुरात मागणीप्रमाणं भाकरी करून देणाऱ्या मावश्या आहेत. एका भाकरीला पंधरा रुपये धरा, साठ भाकऱ्यांचे ९०० होतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं. सकाळी अकराला घ्या, सुती फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली भाकरी घाम सुटून चिवट होते. रानातच गरम भाकरी हवी असं ज्याला वाटतं त्यानं स्वतः काठवट पुढ्यात ओढावी.

पानातल्या बाकीच्या गोष्टींचा खर्च तसा किरकोळ, पण जेवणाची खरी मजा तिथं. दही दोन किलो १८०, लिंबं वीस १२०, भरताची वांगी चार किलो २००, काकडी ८०, ताक पाच लिटर १५०, दहा किलो कलिंगड २००. मिळून ९३०. वांगी भाजायला वेगळं जळण लागत नाही. तांबडा उतरला की चुलीत जो इंगळ उरतो, त्यात ती खुपसून ठेवा. हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तव्यावर परतून तिथंच दगडावर खर्डा रगडा. आंबील आदल्या रात्री करून मातीच्या घागरीत आणली तर थंड पेयाच्या बाटल्या विकत आणाव्या लागत नाहीत, आणि तेवढ्यात तीन-चारशे रुपये सुटतात. करवंदं-जांभळं पन्हाळा-शाहूवाडीकडच्या डोंगरातून येतात, वाट्यावर मिळतात. ती पोरांसाठी.

आंब्याचं थोडं सावधपणे. रसच करायचा असेल तर हापूस घेऊ नका, पायरी किंवा गावठी रायवळ घ्या. रसाला तोच जास्त चांगला. हापूसच हवा असेल तर तो कोकणातला की कर्नाटकातला हे विचारा. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं 'देवगड' छापलेल्या खोक्यात कर्नाटकी आंबा भरून विकणं ही सरळ फसवणूक आहे. दोन्ही खायला वाईट नाहीत, पण दोघांचा दर एक नाही. अंगभर एकसारखा पिवळा, देठापाशी कडक आणि वास नसलेला आंबा कार्बाइडवर पिकवलेला असू शकतो, आणि त्याला कायद्यानं बंदी आहे.

जाळ, भांडी, पाणी

या खर्चाची गंमत अशी, की जेवणात काय आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. पातेलं मटणाचं असो की आमटीचं, भाडं तेच.

लाकूड तीस किलो पुरतं, बाभळीचं मिळालं तर उत्तम. जाळ टिकतो, धूर कमी. किलोला दहा रुपये धरले तर ३००. चूल पेटवायला गुऱ्हाळावरची वाळकी चिपाडं आणि चार शेण्या पुरतात, त्या रानातच मिळतात. उसाच्या पाल्यावर स्वयंपाक करू नका, भडका उडतो आणि ठिणग्या लांब जातात. भांडी भाड्यानं : दोन मोठी पातेली, एक भगुलं, पळ्या, झाकणं, तवा, बादल्या यांचे ५०० धरा. नग मोजून घ्या, कुठं पोचा आहे ते देणाऱ्यासमोर बघून घ्या आणि मोबाइलवर एक फोटो काढा. भाडं दिवसाचं की चोवीस तासांचं, आणि घासून द्यायची की तशीच, हे विचारल्याशिवाय अनामत देऊ नका. परत देताना 'धुणावळ' म्हणून दीडशे-दोनशे रुपये कापले जातात, आणि त्यावर वाद घालायला तेव्हा कुणात त्राण नसतं.

पत्रावळी आणि द्रोण ३००. पळसाच्या पानाच्या घ्या. रस्सा द्रोणात गळतो अशी तक्रार असते, तर रश्शासाठी घरून वाट्या आणा. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि दुकानदारानं पोत्याखालून काढून दिल्या तरी त्या तुमच्या रानात सात जन्म पडून राहतील.

पिण्याचं पाणी माणशी चार लिटर धरा. उन्हात आणि तिखटावर तेवढं लागतंच. पंचवीस जणांचे शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार, २०० रुपये. गल्लोगल्ली मिळणारं जारचं थंड पाणी आणि सीलबंद बाटलीतलं पाणी यांत फरक आहे. जारवर सील, परवाना क्रमांक, भरल्याची तारीख यांतलं काहीच नसेल तर तो नुसता थंड आहे, शुद्ध आहे असं कुणी म्हटलेलं नाही. लहान पोरं असतील तर घरून उकळून गार केलेलं पाणी न्या. हात-भांडी धुवायला विहीर आहेच. सामान न्यायला छोटा टेम्पो किंवा दोन गाड्यांचं पेट्रोल, ५०० धरा. लाकूड, भांडी, पत्रावळी, पाणी, गाडी मिळून १,८०० झाले.

आता बेरीज

मटण ३,०००, मसाला १,१३०, कांदा-तेल-तांदूळ ४२०, भाकरी ९००, तोंडीलावणी आणि फळं ९३०, जाळ-भांडी-पाणी-गाडी १,८००. एकूण ८,१८०. पंचवीस जणांत माणशी ३२७ रुपये. म्हणजे कॉन्ट्री साडेतीनशे ठेवा आणि उरलेले परत द्या. न खाणाऱ्यांकडून तेवढेच घ्यायचे का, हा दरवर्षीचा वाद आहे. माझं मत असं की मटण आणि मसाल्याचे ४,१३० फक्त खाणाऱ्या वीस जणांत वाटावेत आणि बाकीचे ४,०५० सगळ्यांत. तसं केलं तर न खाणाऱ्याला १६२ रुपये पडतात आणि खाणाऱ्याला ३६८ ते ३६९. फरक एवढा मोठा आहे, की 'जाऊ दे, सारखेच घेऊ' म्हणणारा बहुधा खाणाऱ्यांपैकी असतो.

आचारी सांगितला तर एवढ्या पंक्तीला त्याचे १,५०० धरा. एकूण ९,६८०, माणशी ३८७. आचारी परवडतो तो वेळ वाचतो म्हणून नव्हे, तर मटण आणि मीठ अंदाजानं पडत नाही म्हणून. मात्र सामानाची यादी त्याच्याकडून घेतल्यावर ती तशीच वाण्याकडं देऊ नका. तेल आणि सुकं खोबरं यांच्या आकड्यांकडं जरा बघा, आचाऱ्यांचा हात तिथं सैल असतो. तो गॅस आणणार असेल तर व्यावसायिक सिलिंडर आणायला सांगा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरायला मनाई आहे.

पूर्ण शाकाहारी बेत केला तर? भरीत, झुणका, भाकरी, खर्डा, दही, भात, ताक, कलिंगड. वांगी आठ किलो ४००, बेसन १५०, भाकऱ्या पंचाहत्तर १,१२५, खर्ड्याचं सामान १५०, कांदा-तेल-तांदूळ ४२०, मसाला १००, दही तीन किलो २७०, ताक १५०, काकडी ८०, कलिंगड २००, लिंबं ६०. वर तेच १,८००. एकूण ४,९०५, माणशी १९६. दहा किलो पायरीचा रस वाढवा, किलोला शंभर धरून हजार रुपये. तरी माणशी २३६. मटणाच्या बेताहून नव्वद रुपये कमी, आणि वर आमरस. वैशाखात हा बेत मला रश्शापेक्षा उजवा वाटतो, पण हे वडगावात मोठ्यानं बोलता येत नाही.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. १,८०० चा ठरलेला खर्च दहा माणसांतही फारसा कमी होत नाही. गाडी तीच, पातेली एखाददुसरी कमी. म्हणून दहा-बारा जणांचा रानातला बेत हॉटेलच्या मटण थाळीइतकाच पडतो, वर भांडी घासायची आपण. तेवढीच माणसं असतील तर घरच्या अंगणात तीन दगड मांडा. वीसच्या पुढं गेलात तर रान परवडतं. पन्नासच्या पुढं गेलात तर आचारी लागतोच.

रान ओळखीतलं नसेल आणि कृषी पर्यटन केंद्रावर जायचं असेल, तर माणशी दर किती यापेक्षा त्यात काय-काय आलं ते विचारा : चहा-नाश्ता, दुपारचं जेवण, सावलीची जागा, स्वच्छतागृह, मुलांचा दर, चूल आपल्याला पेटवू देतात की आयतं ताट मिळतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि पर्यटन संचालनालयाकडं अशा केंद्रांची नोंदणी होते. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला काही हरकत नाही. जेवण देणाऱ्याकडं अन्न सुरक्षेचा चौदा अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक असायला हवा, आणि तो बिलावर छापलेला असावा. पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त मागितले, आगाऊ रक्कम परत द्यायला कुरकुर केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रारीला बिल लागतं, म्हणून ते मागून घ्या.

कुठं पेटवू नये

पन्हाळ्यावर चूल मांडायचा विचार असेल तर तो सोडा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करायला बंदी आहे. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, मग ती तीन दगडांची चूल का असेना. वारणाकाठ सुरेख आहे, पण तिथली प्रत्येक सावली कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. मालकाला विचारा, जेवायलाही बोलवा.

आणि स्वतःच्या रानातही उसाच्या फडापासून, वाळक्या पाल्यापासून, गंजीपासून चूल लांब हवी. एप्रिल-मेमध्ये वारा दुपारनंतर उठतो आणि वळीव आला तर पंधरा मिनिटांत सगळं उडवून नेतो. म्हणून सातला रानात पोचा, आठला अळणी चढवा, बारापर्यंत पंगत बसू द्या. चुलीभोवती हातभर जागा साफ करून ओली करा आणि भरलेल्या दोन बादल्या तिथंच ठेवा, कुणी पाय धुवायला नेल्या तर परत आणून ठेवायला लावा.

जेवणं झाली की पांढरा रस्सा आधी संपवा. नारळाचं दूध उन्हात सगळ्यात आधी आंबतं. तापमान बत्तीस अंशांच्या वर असताना शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त उघडं राहिलं की ते डब्यात भरून घरी द्यायच्या लायकीचं राहत नाही, मग मामी कितीही आग्रह करोत. सुकं आणि तांबडा उकळी आणून, बर्फाच्या खोक्यात घालून नेता येतो, पण त्याच रात्री संपवायचा. इंगळावर पाणी ओता, काठीनं उकरा, पुन्हा ओता. भांडी मोजा, सकाळच्या फोटोशी ताडून बघा, आणि भांडीवाल्याचं दुकान बंद व्हायच्या आत पोचवा, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं.